वाचकांचे प्रश्न: पोकरच्या टेबलावर नशीब रुसलं की

मित्रमंडळींत पोकर खेळताना होणारी भांडणं, रुसवेफुगवे आणि नशिबाच्या तक्रारी याबद्दल प्रश्न पाठवा म्हटलं होतं आणि पत्रांचा ढीगच आला. बहुतेक सगळे टेक्सस होल्डेम खेळणारे आहेत त्यामुळे उत्तरंही त्याच खेळाबद्दल आहेत (प्रत्येकाच्या हातात दोन पत्ते, टेबलावर सगळ्यांसाठी पाच: आधी तीन म्हणजे फ्लॉप, मग एक टर्न, मग शेवटचा रिव्हर). सारखे प्रश्न एकत्र केलेत.

प्रश्न: आम्ही सहा-सात जण नेहमी खेळतो. मला एक्क्यांची जोडी आली की मी हरणारच हे आता ग्रुपमध्ये सगळ्यांना पाठ झालंय. मागे एकदा माझ्याकडे दोन एक्के, समोरच्याकडे दोन राजे, दोघेही फ्लॉपच्या आधीच ऑल-इन (सगळ्या चिप्स लावलेल्या), आणि रिव्हरला राजा आला. त्यानंतर एकदा एकाने सत्ती-दुरी घेऊन दोन पेअर लावल्या आणि मला मारलं. आता एक्के आले की भीतीच वाटते, मी रेज न करता (पैसे न वाढवता) नुसता कॉल करतो (समोरच्याएवढेच पैसे भरतो). माणसाचं नशीब इतकं खराब असू शकतं का?

तुम्ही दोन किस्से एका दमात सांगितलेत पण ते दोन वेगळे आहेत, म्हणून आधी ते वेगळे करू.

पहिला किस्सा. एक्के विरुद्ध राजे, पैसे फ्लॉपच्या आधी आत गेले. इथे एक्के 100 पैकी साधारण 82 वेळा जिंकतात आणि राजे 18 वेळा. 18 हा आकडा लहान नाहीये हो, पाच-सहा वेळा असा डाव झाला तर त्यातला एक राजेवाला घेऊन जाणार. आता तो राजा रिव्हरला आला म्हणून जास्त लागलं, कारण टर्नपर्यंत तुम्ही 95 टक्क्यांच्या वर पोचला होतात (44 पत्ते उरले, त्यात राजे दोनच) आणि मनाने पॉट (मध्ये जमलेले सगळे पैसे) घरी नेऊन झाला होता. तोच राजा फ्लॉपला आला असता तर तुम्ही खांदे उडवले असते आणि विसरला असतात. पण तुम्ही चिप्स टाकल्या तेव्हा तुमची बाजू 82 ची होती, 95 ची नाही. वाईट बातमी कुठल्या पत्त्याला कळली यावर नशीब किती खराब ते ठरत नाही.

दुसरा किस्सा मात्र मला नशिबाच्या खात्यात टाकता येत नाही, राग मानू नका. एकाच अनोळखी हाताविरुद्ध एक्के साधारण 85 टक्के जिंकतात. पण तुम्ही नुसता कॉल केलात आणि मागून पाच जण कसलेही पत्ते घेऊन फ्लॉप बघायला आले तर तो आकडा जवळजवळ निम्म्यावर येतो, 49 च्या आसपास. सहा जणांत निम्मे डाव जिंकणं हे खरं तर उत्तमच आहे, पण निम्मे डाव हरायची तयारीही ठेवावी लागते आणि तुमची तीच तयारी दिसत नाहीये. सत्ती-दुरीवाल्याला तुम्हीच फुकटात आत घेतलंत. नीट रेज केला असता तर तो बहुतेक पत्ते टाकून निवांत बसला असता. म्हणजे भीतीपोटी तुम्ही जे करताय त्यानेच ज्याची भीती वाटते ते जास्त वेळा होतंय.

आणि आणखी एक, एक्क्यांची जोडी सरासरी 221 डावांत एकदा येते. पत्ते हाताने पिसत, गप्पा मारत खेळताना तासाला पंचवीसएक डाव झाले तरी खूप झाले, म्हणजे ही जोडी आठ-नऊ तासांच्या खेळात एखादेवेळी दिसणार. इतक्या कमी वेळा येणाऱ्या गोष्टीवरून "मी हरणारच" असा नियम काढायला पुरावाच हाताशी नसतो, आणि ज्या वेळी एक्क्यांवर सगळ्यांनी फोल्ड केलं (पत्ते टाकले) आणि तुम्हाला फक्त ब्लाइंड्स (दोघांना पत्ते बघायच्या आधीच लावावे लागणारे पैसे) मिळाले त्या वेळा तुम्ही मोजल्याच नसणार. रेज करा. हरलात तर हरलात.

प्रश्न: आमच्यात एक नवीन भिडू यायला लागला होता. एका डावात माझ्याकडे एक्का-राणी, टर्नपर्यंत माझ्या दोन्ही पेअर लागलेल्या. पॉटमध्ये 100 चिप्स होत्या, मी 20 लावल्या. याच्याकडे काहीही नाही, नुसती दोन बदामं आणि टेबलावर दोन बदामं. तरी कॉल केला आणि रिव्हरला बदाम आलं, म्हणजे पाच बदामं, फ्लश. मी चिडून म्हणालो, "असल्या पत्त्यांवर कोण कॉल करतं रे, खेळता येत नाही तर बसता कशाला?" तो काही बोलला नाही. पण त्यानंतर आलाच नाही. बाकीचे मला दोष देतात. माझं म्हणणं, बोलायची पद्धत चुकली असेल पण मुद्दा बरोबर होता की नाही?

मुद्दाही बरोबर नव्हता. आधी हिशोबच करून टाकू, कारण तुम्हाला तोच जास्त पटेल असं पत्रावरून वाटतं.

त्याला बदाम लागायला एकच पत्ता बाकी होता आणि नऊ बदामं शिल्लक, म्हणजे साधारण 20 टक्के संधी. (फ्लॉपवर असताना, दोन पत्ते यायचे असताना ती 35 टक्के असते.) पॉटमध्ये 100, त्यात तुमच्या 20 ची भर, म्हणजे 20 चिप्स टाकून 120 जिंकायची संधी तुम्ही त्याला दिलीत. एवढ्यासाठी त्याला जेमतेम 14 टक्के वेळा जिंकावं लागतं आणि तो 20 टक्के वेळा जिंकणार होता. त्याने हिशोब करून कॉल केला की नुसतं बदामं बघून, ते सोडा, कॉल बरोबर होता. तुम्ही 20 च्या ऐवजी 60 लावल्या असत्या तर त्याला 27 टक्क्यांच्या वर हवे होते आणि मग त्याचा कॉल महाग पडला असता. चूक शोधायचीच तर ती तुमच्या 20 चिप्समध्ये आहे.

पण समजा कॉल खरंच वेडगळ होता. तरीही बोलायचं नाही, आणि हे मी नुसतं सभ्यपणा म्हणून सांगत नाही. पैसे लावून झाल्यावर तुम्हाला काय हवं असतं? समोरच्याने कमी संधी असताना कॉल करावा हेच ना! तो तसं करतो म्हणूनच तुम्ही महिनोन्‌महिने जिंकता, आणि अधूनमधून त्याचा पत्ता लागतो म्हणूनच तो तसं करत राहतो. ज्या दिवशी त्याचा एकही पत्ता लागणार नाही त्या दिवशी तो खेळायचंच सोडेल. एखाद्याला हरल्यावर शिकवायला जाणं म्हणजे चारचौघांत त्याचा अपमानच, त्याला शिकायचं असेल तर तो खेळ संपल्यावर स्वतः विचारेल, आणि तेव्हा मनापासून सांगा.

मग तिथल्या तिथे करायचं काय? "नाइस हँड" म्हणा, पण आवाजात खोच न येता म्हणता येत असेल तरच. नाहीतर टेबलावर बोटांनी हलकं टकटक करा आणि पत्ते पुढे सरकवा. तेही जमत नसेल तर गप्प बसा, ते पूर्णपणे चालतं. एक वाक्य कुरकुर करायची मुभा मी कुणालाही देईन, "अरे यार, बदाम!" एवढं. दुसरं वाक्य सुरू झालं की ते पत्त्यांबद्दल राहत नाही, समोरच्या माणसाबद्दल होतं.

ज्यांना वाटतं आपल्याइतकं कुणाचं फुटकं नशीब नाही त्यांच्यासाठी एक खराखुरा डाव सांगते. 2008 ची वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर, मेन इव्हेंट. मोतोयुकी माबुची यांच्या हातात एक्क्यांची जोडी, आणि रिव्हरच्या चौकट एक्क्याने त्यांचे चारही एक्के पूर्ण केले. नेमक्या त्याच पत्त्याने समोरच्या जस्टिन फिलिप्स यांचा रॉयल फ्लश (एकाच चिन्हाचे दश्शीपासून एक्क्यापर्यंत, याच्यावर काहीच नाही) पूर्ण झाला. चार एक्के हातात असताना स्पर्धेतून बाहेर! याला म्हणतात कूलर, इथे कुणाचीच चूक नसते, दोघांचीही चिप्स आत जाणारच असतात. तुमच्या डावातलं बदाम यापुढे फारच किरकोळ आहे.

आणि त्या नवीन भिडूला फोन करा. "त्या दिवशी मी चुकीचं बोललो आणि तुझा कॉल बरोबर होता" एवढं म्हणा, दोन्ही गोष्टी म्हणा.

प्रश्न: रिव्हरला मी पैसे लावले, मित्राने कॉल केला. मी माझे पत्ते उघडले, फ्लश होता. त्याने मान हलवली, उसासा टाकला, एक पत्ता उघडा केला, राणी. मी पॉटकडे हात नेला. मग सावकाश दुसरा पत्ता उघडला आणि फुल हाऊस, फ्लशपेक्षा मोठा! सगळे हसले, मला मात्र फार लागलं. मी उगाच मनाला लावून घेतोय का?

नाही, उगाच नाही. याला स्लो-रोल म्हणतात आणि मित्रांमधल्या खेळात यापेक्षा वाईट वागणूक मला तरी सुचत नाही. आपण जिंकलोय हे शंभर टक्के माहीत असताना समोरच्याला जिंकल्याचा आनंद दोन सेकंद द्यायचा आणि मग हिसकावून घ्यायचा. त्याला यातून एकही चिप जास्त मिळत नाही. पैसे तेवढेच मिळणार होते, जास्तीचं मिळालं ते फक्त तुमचा पडलेला चेहरा.

यात स्लो-प्लेची गल्लत करू नका बरं का. मोठे पत्ते असताना मुद्दाम चेक करणं (पैसे न लावता पाळी पुढे देणं), समोरच्याला पैसे लावू देणं हा खेळाचा भाग आहे, सापळा लावायला पूर्ण परवानगी आहे. पण शेवटचा कॉल झाला की खेळ संपला, त्यानंतर फक्त पत्ते दाखवायचे. नवीन माणूस स्वतःचे पत्ते वाचायला वेळ लावतो, त्याला स्ट्रेट लागलाय की नाही हेच कळत नसतं, तेही स्लो-रोल नाही, त्याला वेळ द्या.

पद्धत अशी आहे: रिव्हरला ज्याने शेवटचा बेट किंवा रेज केला तो आधी दाखवतो. सगळ्यांनी चेक केलं असेल तर बटनच्या (वाटणाऱ्याची जागा दाखवणाऱ्या, दर डावाला पुढे सरकणाऱ्या चकतीच्या) डावीकडून सुरू करायचं. पण हा क्रम कोणी आधी *दाखवलंच पाहिजे* याचा आहे, आपल्याकडे सगळ्यात मोठे पत्ते आहेत हे माहीत असेल तर क्रमाची वाट न बघता दोन्ही पत्ते एकदम उघडे टाका. आणि पॉट घेण्यासाठी दोन्ही पत्ते दाखवावेच लागतात, एक नाही.

मित्राला टेबलावर नको, नंतर एकट्याला सांगा. बहुतेकांना हे कुणी शिकवलेलंच नसतं, टीव्हीवर कुणीतरी केलेलं बघून गंमत म्हणून करतात. सांगूनही पुन्हा केलं तर मात्र तेव्हाच, सगळ्यांसमोर बोला.

प्रश्न: हरायला लागलं की आमच्यातला एकजण जागा बदला, कॅट बदला, पत्ते परत पिसा असं सुरू करतो. द्यायचं का त्याला करू?

डाव संपलेला असेल आणि रोजचं झालं नसेल तर द्या, नवीन कॅट मागणं काही गुन्हा नाही. डाव चालू असताना मात्र अजिबात नाही. जागा बदलायचं सगळ्यांच्या संमतीने ठरवा, कारण कोण कुणाच्या डावीकडे बसतो याने खेळात खरंच फरक पडतो, आणि हरणारा ज्याच्या मागे जाऊन बसतो त्यालाही काहीतरी म्हणायचं असू शकतं.

नशीब पालटायला मात्र याचा उपयोग शून्य. पत्त्यांना मागचा डाव आठवत नसतो. 18 ऑगस्ट 1913 ला माँटे कार्लोच्या कॅसिनोत रुलेटवर सलग 26 वेळा काळा आला आणि लोक दर वेळी "आता तरी लाल येणारच" म्हणत लालवर पैसे लावत गेले आणि बुडाले. "माझं इतकं वाईट झालंय, आता चांगलं यायलाच हवं" म्हणून जो कॉल होतो तो याच जातीचा असतो.

पिसण्याची तक्रार मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. 1992 साली डेव्ह बेयर आणि पर्सी डायकोनिस या गणितज्ञांनी दाखवलं की कॅटचे दोन भाग करून एकमेकांत सोडायच्या पद्धतीने 52 पत्ते नीट मिसळायला साधारण सातदा पिसावं लागतं. आपल्याकडे बहुतेक जण हातातल्या हातात चार वेळा खालीवर करतात आणि वाटायला घेतात, ते फारच अपुरं आहे. मागच्या डावातले फ्लॉपचे पत्ते चिकटून चिकटून परत येतात. दोन कॅट ठेवा, एक वाटला जात असताना दुसरा कुणीतरी शांतपणे पिसत राहील. पिसून झालं की दुसऱ्याकडून कापून घ्या, आणि वाटताना सगळ्यात खालचा पत्ता कुणाला दिसणार नाही असा कॅट धरा. एवढं केलं की निम्म्या शंका आपोआप मिटतात.

प्रश्न: फोल्ड केल्यावर "पुढचा पत्ता कुठला आला असता ते दाखव ना" असं मागणं बरोबर आहे का?

सगळे तयार असतील, पॉट दिला गेला असेल तर एखादेवेळी ठीक. रोज रोज नको. खेळ रेंगाळतो आणि जो जिंकला त्याला उगाच "तू वाचलास" हे ऐकावं लागतं. शिवाय जे झालंच नाही त्याचं दुःख तुम्ही विकत घेता. मी स्वतः कधी बघत नाही.

प्रश्न: पत्ते वाटताना माझा एक पत्ता चुकून उलटला, एक्का होता. मी म्हटलं राहू दे, मला चालेल. वाटणारा म्हणाला नाही, बदलावा लागेल. माझा एक्का गेला. हे योग्य आहे?

वाटणाऱ्याचं बरोबर आहे. सगळ्यांना दिसलेला पत्ता ठेवायचा पर्याय तुम्हाला नसतो, तो एक्का असो की दुरी. नेहमीची पद्धत म्हणजे वाटून पूर्ण झालं की तुम्हाला बदली पत्ता मिळतो आणि उलटलेला पत्ता फ्लॉपच्या आधीचा बर्न कार्ड (न खेळता बाजूला टाकायचा पत्ता) म्हणून वापरतात. सुरुवातीचाच पत्ता उघडला किंवा एकापेक्षा जास्त उघडले तर परत वाटायचं. हे खेळ सुरू करायच्या आधी ठरवून ठेवा, कारण एक्का उघडा पडल्यावर कुणालाच निष्पक्षपणे ठरवता येत नाही.

प्रश्न: फ्लॉपवर दोन सत्त्या आणि राजा आला. ज्याने आधीच फोल्ड केलं होतं त्याने कपाळावर हात मारून घेतला, "आईशप्पथ!" म्हणाला. मी त्या वेळी डावात होते आणि ब्लफ करणार होते. माझा पूर्ण डाव फसला. त्याला हे कळतच नाही, म्हणतो "माझं नशीब फुटकं, मी ओरडायचंही नाही का?"

नाही, ओरडायचं नाही, डाव संपेपर्यंत तरी नाही. त्याने सत्ती टाकली हे त्या एका हाताने सगळ्या टेबलाला कळलं. कॅटमध्ये सत्त्या चार, दोन टेबलावर, एक याने टाकलेली, म्हणजे कुणाच्या तरी हातात असू शकेल अशी उरली एकच. तुम्हाला सत्ती असल्याचं भासवायचं होतं, आता कोण विश्वास ठेवेल? त्याचं नुकसान आधीच झालेलं होतं, फोल्ड केलं तेव्हाच. ओरडून त्याने ते तुमच्या गळ्यात घातलं.

नियम जुना आणि साधा आहे, एका हातात एकच भिडू. डावाबाहेर गेलेल्याने आपण काय टाकलं, कुणाकडे काय असेल, "फ्लश येतोय बरं का" यातलं काहीही बोलायचं नाही, आणि चेहऱ्यानेही शक्यतो नाही. शेजाऱ्याला आपले टाकलेले पत्ते दाखवायचे नाहीत, एकाला दाखवले तर सगळ्यांना दाखवायचे. पॉट गेल्यावर मग खुशाल कपाळ बडवा, आम्हीही हळहळू.

जाता जाता, आपली पाळी येण्याआधी फोल्ड करणं हासुद्धा याचाच भाऊ आहे. कंटाळलेला, हरत असलेला माणूस हमखास करतो, पाळी नसताना पत्ते फेकतो आणि त्याच्या आधीच्याला फुकट माहिती मिळते.

प्रश्न: खेळ आमच्याकडे असतो. एक मित्र हरायला लागला की परत परत चिप्स घेतो, प्रत्येक डावात उतरतो, कुणाचंही न ऐकता ऑल-इन करतो. बाकीचे मनातून खूश असतात कारण पैसे सुटतात. मला बघवत नाही. यजमान म्हणून मी काही बोलावं की ज्याचं त्याने बघावं?

बोला. तुम्हाला बघवत नाही हेच बरोबर आहे आणि बाकीच्यांना बघवतं यात मला काळजी वाटते.

याला टिल्ट म्हणतात, एक-दोन डाव वाईट गेले की माणूस पत्ते खेळायचं सोडून नशिबाशी भांडायला लागतो. ओळखायला सोपं असतं: पत्ते धड न बघता चिप्स पुढे ढकलतो, वाटणाऱ्याला घाई करतो, हरलेला डाव अजून सांगत असतो आणि नव्या डावात शिरलेला असतो. त्या वेळी त्याला समजावलं की तो आणखी पेटतो, म्हणून तेव्हा नुसता ब्रेक घ्या, सगळ्यांसाठी, त्याच्या एकट्यासाठी नाही. दहा मिनिटं उठा, हातपाय मोकळे करा. त्याला बाजूला घेऊन विचारा, बरा आहेस ना, आज पुरे करायचं का?

खरं काम मात्र खेळाच्या आधीचं आहे. एका बैठकीत किती वेळा बाय-इन करता येईल (पैसे देऊन चिप्स घेता येतील) ते सगळ्यांना सारखं ठरवा, दोनदा म्हणजे दोनदा. खिशात नाहीत ते पैसे टेबलावर नाहीत, उधारी बंद. जिंकणाऱ्यालाही बंधन हवं: मध्येच चिप्स खिशात टाकून उरलेल्यांवर खेळायचं नाही, आणि मोठा पॉट मारून पुढच्याच डावाला "निघतो" म्हणायचं नाही, जायचं असेल तर आधी सांगून ठेवायचं. हरणारा वेडावतो त्यात हाही भाग असतो, पैसे परत मिळवायची संधीच उठून चालली असं त्याला वाटतं.

संपायची वेळही आधीच ठरवा. घड्याळात ती वेळ झाली की बटन टेबलाभोवती एकदा पूर्ण फिरेल आणि थांबायचं, हे सुरुवातीलाच सगळ्यांना मोठ्याने सांगा. मग तो "अजून एकच राऊंड" म्हणेल, बाकीचे दोघं-तिघं त्याला साथही देतील. तुम्ही कॅट डब्यात ठेवा आणि चिप्स मोजायला घ्या.